खोत सरांचा वैशाख

वैशाख अर्ध्यावर आला की आमच्या विभागाच्या व्हरांड्यात माणसं स्वतःशीच बोलत फिरायला लागतात. ही माणसं म्हणजे माझे तिसऱ्या वर्षाचे रेसिडेंट. एमडीची परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली असते. कुणी खिडकीकडे तोंड करून हृदयाच्या झडपांचे आवाज पुटपुटत असतं, कुणी जिन्यात बसून लसींचं वेळापत्रक घोकत असतं. पोरांच्या दाढ्या वाढलेल्या, पोरींनी केस कसेतरी वर बांधलेले, चहाचे कागदी कप खिडकीत एकावर एक रचलेले. पंखे गरम हवाच इकडून तिकडे करतात. वॉर्डात फिनेलचा वास, दुधाचा वास आणि त्यात मिसळलेला पिकल्या फणसाचा वास. शाहूवाडीकडची माणसं या दिवसांत पोराला दाखवायला येताना फणस घेऊन येतात आणि खाटेखाली ठेवतात. सिस्टर ओरडतात. फणस हलत नाही. दोन दिवसांत अख्खा वॉर्ड फणसाचा होतो.

मी या बालरोग विभागाची प्रमुख आहे. एमडी करायला आलेल्या डॉक्टरांना तीन वर्षांत मुलांचे डॉक्टर बनवायचं, हे माझं काम. कुणाची ड्यूटी कुठं, कुणाचा प्रबंध कशात अडकलाय, कुणी आठ दिवस घरी फोन केलेला नाही, कुणी जास्तच हसतंय, हे सगळं मला माहीत असावं लागतं. जास्त हसणाऱ्यांवर मी आधी लक्ष ठेवते. हे मला खोत सरांनी शिकवलं. ‘रडणारं पोर आणि रडणारा रेसिडेंट, दोघांची काळजी कमी करायची,’ ते म्हणायचे. ‘गप्प पडलेल्याकडं आधी पळायचं.’

ते माझ्याआधी याच खुर्चीत बसायचे. खुर्ची बदलली, टेबल बदललं, भिंतीचा रंग तीनदा बदलला. पण वैशाखातली सकाळची उन्हाची तिरीप अजून त्याच कोनातून टेबलावर येते आणि मला वाटतं, आता दार ढकलून सर आत येतील आणि म्हणतील, ‘ऊठ कांबळे, माझ्या जागेवर काय करतीस?’ मी किती आनंदानं उठेन, ते त्यांना कधीच कळणार नाही.

सर शाहूवाडीतल्या एका वाडीचे. घरची भातशेती. उंच, काळेसावळे, हाताची बोटं शेतकऱ्यासारखी जाड. त्या बोटांनी ते दोन किलोच्या बाळाच्या शिरेत सुई घालायचे तेव्हा आम्ही श्वास रोखून बघायचो. वर्गात ते इंग्रजीत शिकवायचे, परीक्षकांशी शुद्ध मराठीत बोलायचे आणि पेशंटच्या आईसमोर बसले की सगळं सोडून देऊन गावाकडचे व्हायचे. ‘काय झालंय गं बाळाला? कवापास्नं? तू जेवलीस का न्हाई?’ आई उभी असेपर्यंत स्वतः बसायचे नाहीत. वॉर्डात खुर्च्या कमी होत्या, म्हणून राऊंडच्या वेळी कितीतरी आया सरांच्या खुर्चीत बसलेल्या आणि सर उभे, असं चित्र असायचं. स्टेथोस्कोप पोराच्या छातीला लावण्याआधी तळहातावर घासून ऊबदार करायचे. आम्हीही तसं करायला लागलो. आता माझे रेसिडेंट करतात. त्यातल्या एकानेही सरांना पाहिलेलं नाही.

मी जयसिंगपूरची. पप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात देवांच्या जागी पुस्तकं आली, असं पप्पा अभिमानानं सांगायचे. मला एमडीला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी विहारात सगळ्यांना पेढे वाटले आणि डेपोत इंजिनाखालून बाहेर येऊन, हाताला ग्रीस असतानाच, मला फोन केला. ‘आपल्या गल्लीतली पहिली पोरांची डॉक्टर,’ म्हणाले. पहिली असण्याचं ओझं काय असतं, हे पहिल्यालाच कळतं. तुम्ही पडलात तर तुमच्याबरोबर बरंच काही पडतं.

आणि मी पडले. माझ्या परीक्षेच्या उन्हाळ्यातच.

पूनम नावाची सहा वर्षांची मुलगी होती. शाहूवाडीतल्या एका लहान वाडीवरची. सकाळी आठच्या सुमाराला आई तिला कडेवर घेऊन आली. पोटात दुखतंय, दोनदा उलटी झाली. मी पोट तपासलं. मऊ होतं. ताप नव्हता. ‘काल काय खाल्लं होतं?’ मी विचारलं. ‘करवंदं लई खाल्ली,’ आई म्हणाली. मला तेवढं पुरलं. सलाईन लावलं, पोटदुखीचं औषध दिलं, बघू म्हटलं. त्याच वेळी शेजारच्या खाटेवर झटके येणारं एक बाळ होतं, मी त्याच्याकडे वळले. तासाभरानं पूनमची आई माझ्यामागं येऊन उभी राहिली. ‘डॉक्टरीनबाई, पोरगी डोळंच उघडंना.’

‘झोपू दे तिला,’ मी म्हणाले. ‘औषधानं झोप लागते.’

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं रोज एकदा तरी ऐकते, माझ्याच आवाजात.

सर राऊंडला आले. दारातूनच त्यांची नजर पूनमकडे गेली. ते जवळजवळ धावत तिच्या खाटेशी आले, हनुवटी धरून तिचा चेहरा वर केला. ‘बाळ, वर बघ. माझ्याकडं बघ.’ पूनम जागी होती. तिला वर बघायचं होतं. पापण्या उचलत नव्हत्या. ‘जमिनीवर झोपली होती का रात्री?’ सरांनी आईला विचारलं. आई म्हणाली, व्हय. ‘मण्यार,’ सर म्हणाले.

मण्यारीचा दंश दुखत नाही, खूण राहत नाही. झोपेतल्या पोराला कळतही नाही. सकाळी पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू थांबतात. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते. सरांनी श्वासासाठी घशात घालायची नळी मागवली, पण नळी येईपर्यंत पूनमचा श्वास थांबला आणि पाठोपाठ हृदयही काही वेळ थांबलं. आम्ही ते परत चालू केलं. प्रतिविष दिलं, व्हेंटिलेटरवर ठेवलं. ती तीन दिवस तशीच होती. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली.

सरांनी आईवडिलांना बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. मी त्यांच्यामागे भिंतीला टेकून उभी होते. सापाचं विष होतं, शरीरभर पसरलं होतं, उशीर झाला होता, असं सर म्हणाले. खोटं एक अक्षर नव्हतं. कुणाचा उशीर, हे मात्र त्या वाक्यात कुठेच नव्हतं.

त्यानंतर माझे हात मुलांना लागेनासे झाले. म्हणजे मी वॉर्डात जायचे, केसपेपर लिहायचे, औषधांचे डोस बरोबर काढायचे, पण पोराच्या पोटावर हात ठेवायची वेळ आली की धाकट्या रेसिडेंटला पुढे करायचे. उन्हाळा वाढत होता. बाकीचे व्हरांड्यात घोकंपट्टी करत फिरत होते. मी वसतिगृहाच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे आणि पान उलटायला विसरायचे. महिनाभर असं चाललं. परीक्षेला बारा दिवस राहिले असताना मी राजीनामा लिहिला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. पप्पांना काय सांगायचं, ते मी ठरवलं नव्हतं. ठरवता येत नव्हतं.

सरांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. मागची बाजू कोरी होती, तरी वाचली.

‘पूनममुळं?’

मी मान हलवली.

‘हा अर्ज घेतो मी,’ ते म्हणाले. ‘तुझा हक्क हाय तो. पण आधी माझ्याबरोबर एका ठिकाणी यायचं. तिच्या आईला सासूनं माहेरी घालवलीय. तिच्या गावाकडची आशाताई काल लस न्यायला आली होती, तिनं सांगितलं. सगळी वाडी म्हणतीया, आईनं पोरगीला दवाखान्यात न्यायला उशीर केला. पहाटे पोट दुखत होतं तवा ओवा चारला आणि म्हस पिळायला गेली, म्हणून पोरगी गेली.’ सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘उशीर झाला, हे मी बोललो होतो. त्या बाईच्या गळ्यात तो शब्द मीच बांधलाय.’

‘सर, चूक माझी होती.’

‘व्हय. तुझी होती. आणि तुला एकटीला दोन वॉर्ड आणि अपघात विभाग देऊन ठेवणारा मी होतो, ती माझी. चल आता.’

मला अजून तो रस्ता तुकड्या-तुकड्यांत आठवतो. कोल्हापूर सोडलं की केर्लीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. मग पन्हाळ्याच्या पायथ्याशी गाडी वळते तशी माती लाल होत जाते. बांबवड्याच्या पुढं डोंगर जवळ येतात आणि हवेला पालापाचोळा जाळल्याचा वास लागतो. पावसाच्या आधी धूळवाफेवर भात पेरायची त्या भागात पद्धत आहे. कोरड्या, पिठासारख्या मातीत बी टाकायचं आणि वाट बघायची. बायका वाकून ढेकळं फोडत होत्या, त्यांच्या साड्या मातीच्याच रंगाच्या झाल्या होत्या. सर गाडी चालवताना एकदाच म्हणाले, ‘माझी आई असं पेरायची.’ मी खिडकीची काच खाली घेतली होती. तोंडावर धूळ येत होती आणि मला ती हवीशी वाटत होती. मला वाटत होतं, रस्ता संपूच नये.

‘तिथं बोलायचं कुणी?’ शेवटच्या चढावर सरांनी विचारलं. ‘तू म्हणलीस तर मी बोलतो. सगळं माझ्यावर घेतो. त्यात खोटं काय न्हाई. पण तुला बोलायचं असलं तर मी शेजारी बसतो.’

मी खिडकीची काच वर घेतली.

वाडीतलं घर कौलारू, पुढं शेणानं सारवलेला सोपा. पूनमचे वडील सदाशिव बैलाला पाणी दाखवत होते. त्यांनी सरांना ओळखलं. ‘बसा की, पावणं,’ म्हणाले, पण आवाजात ओल नव्हती. आतून त्यांची आई बाहेर आली, पदर सावरत. सरांनी घोंगड्यावर बसकण मारली आणि म्हणाले, ‘पूनमच्या आईलाबी बोलवा. तिच्यासमोर बोलायचं हाय.’

‘ती न्हाई हितं.’

‘ठाऊक हाय. घेऊन या. आमी थांबतो.’

सदाशिव आपल्या आईकडे बघत राहिले. म्हातारी म्हणाली, ‘तिचं काय काम हाय आता?’

‘तिच्याशीच काम हाय,’ सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण राऊंडला तो आवाज ऐकला की आम्ही केसपेपर पुन्हा तपासायचो. सदाशिवांनी मोटारसायकल काढली.

ते तिला घेऊन परत येईपर्यंत तास गेला असेल. कुणी चहा विचारला नाही. अंगणाच्या कोपऱ्यात, दोरीवर, एक लहान फ्रॉक वाळत होता. महिनाभरापूर्वी गेलेल्या मुलीचा फ्रॉक कोण धुतं, हे मला कळेना. मग कळलं, तिथंच राहिला असेल. कुणाचा हात झाला नसेल काढायला. उन्हानं त्याचा खांद्याकडचा रंग उडाला होता. सर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की त्यांची जाड बोटं घोंगड्याची एकच दशी पुन्हा पुन्हा पिळतायत. सरांना भीती वाटत होती. हा शोध मला त्या क्षणी आधार देऊन गेला की आधार काढून घेऊन गेला, अजून ठरत नाही.

पूनमची आई आली. छाया तिचं नाव. महिन्यात ती इतकी वाळली होती की मी रस्त्यात ओळखली नसती. ती उंबऱ्याजवळ उभी राहिली, सासूपासून लांब. सर लगेच उठून उभे राहिले. ‘बस बाई,’ म्हणाले. ती बसली, मग सर बसले. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी काय बोलले ते शब्द मला आठवतात, कारण फार थोडे होते. मी म्हणाले, ‘ताई, तुम्ही पूनमला वेळेत आणलं होतं. आठ वाजता आणली तेव्हा ती बोलत होती, डोळे उघडे होते. मला ओळखता आलं नाही. तुम्ही सांगायला आलात की डोळे उघडत नाही. मी म्हणाले, झोपू दे. तो तास माझ्याकडून गेला. तुमच्याकडून नाही.’

 

सदाशिव उठले. ‘मग त्या दिवशी का न्हाई सांगिटलं?’ ते माझ्याशी बोलत नव्हते, सरांशी बोलत होते. ‘म्हयना झाला. म्हयनाभर आमी हिला…’ त्यांचं वाक्य तिथंच मोडलं.

‘मी भ्यालो,’ सर म्हणाले.

इतका मोठा माणूस, ज्याच्यासमोर बाहेरगावचे परीक्षक जपून बोलत, तो सारवलेल्या जमिनीवर बसून एका शेतकऱ्याला सांगत होता, मी भ्यालो. ‘विभाग माझा हाय. ही शिकत होती, हिला शिकवायचं काम माझं. तुमाला तक्रार करायची असली तर माझ्या नावानं करा. मी कागद लिहून देतो, काय झालं ते सगळं. लपवणार न्हाई.’

‘करणारच,’ सदाशिव म्हणाले. ‘सोडणार न्हाई.’

‘सोडू नका,’ सर म्हणाले.

छाया इतका वेळ माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग शोधायचा मी प्रयत्न केला. राग मिळाला असता तर सोपं गेलं असतं. तिनं एकच विचारलं. ‘डॉक्टरीनबाई, त्या तीन दिसांत… तिला दुखत हुतं का वो?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘झोपेचं औषध चालू होतं. दुखत नव्हतं. मी तिथंच होते.’

तिनं मान हलवली. मग डोकं वळवून सासूकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा. ‘ऐकलासा न्हवं, आत्ती?’

म्हातारी पदर तोंडाला लावून आत गेली. छाया उठली, अंगणात गेली, दोरीवरचा फ्रॉक काढला, त्याची घडी घातली आणि ती घडी छातीशी धरून सोप्याच्या कडेला येऊन बसली. सासूच्या घरात, स्वतःच्या घरात. ‘आता जावा तुमी,’ सदाशिव म्हणाले. आम्ही निघालो.

परतताना सरांनी बांबवड्यात गाडी थांबवली, टपरीवर दोन चहा सांगितले. मी उकळत्या चहाचा कप तसाच तोंडाला लावला. त्यांनी तो काढून घेऊन बाकावर ठेवला. ‘निवू दे,’ म्हणाले. आणि मग, रस्त्याकडे बघत: ‘राजीनामा दे नाहीतर परीक्षेला बस, मी काय बोलणार न्हाई. पण मला वॉर्डात कसला डॉक्टर पाहिजे, ते मला आज कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, न चुकणारा पाहिजे.’

मी परीक्षेला बसले. बाहेरच्या परीक्षकांनी मला एका मुलाच्या पोटावरून हात फिरवून प्लीहा किती वाढलीय ते सांगायला लावलं. दीड महिन्यानंतर पहिल्यांदा मी एका पोराच्या पोटावर हात ठेवला. ते ऊबदार होतं. श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. माझे डोळे भरून आले आणि परीक्षकांना वाटलं, मी घाबरलेय. मी पास झाले. पप्पांनी पुन्हा पेढे वाटले, आणि त्यांना मी पूनमबद्दल पुढं दोन वर्षांनी सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, ‘ब्रेक फेल झालेली गाडी पास करून दिली म्हणून मला एकदा झोप लागली न्हवती बघ. कुणाला सांगितलं नाही मी. तू सांगून आलीस.’

तक्रार झाली. चौकशी झाली. सरांनी खरंच सगळं लिहून दिलं होतं, आणि त्या कागदावर माझ्या नावाआधी त्यांचं स्वतःचं नाव होतं. निवृत्तीला आठ महिने राहिले असताना त्यांना ठपक्याचं पत्र आलं. मला ताकीद मिळाली. सरांना मुदतवाढ मिळणार अशी सगळीकडे चर्चा होती, ती थांबली. निरोपसमारंभ छोटा झाला. एका वक्त्यानं ‘काही दुर्दैवी प्रसंग’ असा उल्लेख केला. सर उत्तराला उभे राहिले आणि म्हणाले, ‘दुर्दैवी काय न्हवतं. चूक होती. आपण तिला नाव दिलं, म्हणून पुढच्या वर्षी मण्यारीची दोन पोरं वाचली.’ खरं होतं ते. त्यांनी त्या पावसाळ्यात नियम केला होता: सकाळी पोटात दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येक पोराला आधी म्हणायचं, वर बघ. आणि दुसरा नियम: वॉर्डात पोर गेलं तर सगळ्यात ज्येष्ठ डॉक्टरनं आईवडिलांना खुर्चीत बसवून काय घडलं ते सांगायचं. आपलं काय राहून गेलं, तेही.

छाया सासरीच राहिली, एवढं आशाताईकडून कळलं. तिनं मला माफ केलं का, माहीत नाही. तिनं ते कधी म्हटलं नाही आणि मी विचारायला गेले नाही. त्या भागातलं पोर भरती झालं की मी अजून केसपेपरवर गावाचं नाव वाचते आणि दाराकडे बघते.

सर निवृत्तीनंतर पन्हाळ्यावर राहायला गेले. दर वैशाखात, परीक्षेआधीच्या रविवारी, मी वर जायचे. माझ्या रेसिडेंटची यादी घेऊन. सर प्रत्येकाबद्दल विचारायचे. हा कसा आहे, ती कशी आहे, जेवतात का, घरचं काय. तटबंदीच्या बाजूला त्यांच्या घराचा ओटा आहे. तिथं बसलं की खाली पार कोल्हापूरपर्यंत ऊन पसरलेलं दिसतं, आणि वर गार वारा असतो. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आंब्याची डाळ आणून ठेवायच्या. मला वाटायचं, काहीही अडलं तरी वर गेलं की हा माणूस आहे. मी विभागप्रमुख झाले, माझ्या हाताखाली डझनभर डॉक्टर आले, माझे केस पिकायला लागले, आणि तरी आपल्यावर कुणीतरी आहे ही भावना मला त्या ओट्यावर मिळायची. ती किती मोठी चैन होती, हे ती असेपर्यंत कळलं नाही.

यंदा माझी एक रेसिडेंट, तिसऱ्या वर्षाची, गप्प पडली आहे. प्रज्ञा. हुशार, हळवी. गेल्या आठवड्यात तिच्या हातून एका बाळाचा डोस चुकला. बाळ बरं आहे, आम्ही त्याच्या आईला सगळं सांगितलंय. तरीही प्रज्ञा परवा माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, ‘मॅडम, तुम्हाला कधी भीती वाटली होती?’ मी तिला खुर्चीत बसवलं. तासभर बोलले. ती गेल्यावर मला समजेना, मी जे बोलले ते पुरेसं होतं का. हे विचारायला मला एकच माणूस माहीत होता.

म्हणून काल रविवारी वर गेले. काकूंनी दारातच हात धरला. ‘बोलतात गं. पण ओळखतीलच असं नाही. मागच्या महिन्यात मुलाला डॉक्टरसाहेब म्हणाले.’ दोन वर्षांपासून हे हळूहळू होतंय. गेल्या वैशाखात त्यांनी माझं नाव चुकवलं होतं, पण चेहरा त्यांना ठाऊक होता.

सर ओट्यावर बसले होते. अंगावर पांढरा सदरा, मांडीवर टॉवेल. मी समोर उभी राहिले. ‘सर, मी कांबळे.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती. पण काहीतरी होतं. ते धडपडत उठले, भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले आणि शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

‘बस बाई,’ म्हणाले.

मी बसले. मग ते बसले.

‘काय झालंय बाळाला?’

काकू पुढं होऊ लागल्या. मी त्यांना हातानं थांबवलं.

‘झोप लागत नाही सर,’ मी म्हणाले. ‘नीट खात नाही.’

‘कवापास्नं?’

‘आठ दिवस झाले.’

‘ताप?’

‘नाही.’

‘रडतंय?’

‘रडत नाही. गप्पच असतं.’

त्यांच्या कपाळावर आठी आली, तीच, राऊंडची. प्रश्न एकामागून एक येत होते, आणि एकही राहिला नाही. जन्म कुठं झाला, दूध किती दिवस पाजलं, घरात कोण कोण आहे, आधी असं कधी झालं होतं का. मी सगळ्याची उत्तरं दिली. प्रज्ञाबद्दल सांगत होते की स्वतःबद्दल, ते मलाही नीट सांगता येणार नाही. शेवटी ते थोडे पुढं वाकले.

‘बोलावलं की येतंय का जवळ?’

मी थोडा विचार केला. परवा ती माझ्या खोलीत आली होती. आपल्या पायांनी.

‘येतं, सर.’

‘मग भ्यायाचं काय कारण न्हाई,’ सर म्हणाले आणि त्यांचा जाड हात माझ्या डोक्यावर ठेवला. ‘मी हाय की हितं. उद्या सकाळच्या ओपीडीला घेऊन ये.’

खाली कोल्हापूर उन्हात धुरकट दिसत होतं.

‘आणते, सर,’ मी म्हणाले.